कोनच्या आकाशात कुणाचा रेडिओ कुठे लागतो?

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून प्रवासी विमानं उडू लागली. त्यामुळे पनवेल-कोनच्या आसपास आता दोन मोठे विमानतळ आहेत, शिवाय जुहू. मग एका टॉवरचं बोलणं दुसऱ्यात का मिसळत नाही?

कारण प्रत्येकाचा चॅनेल वेगळा. पण जागा कमी. विमानांना बोलायला 118 ते 137 मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी आहे. 25 किलोहर्ट्झचं अंतर ठेवलं तर त्यात 760 चॅनेल बसतात. विमान उंचावर असल्याने आवाज लांबवर पोहोचतो, म्हणून तोच चॅनेल जवळपास पुन्हा देता येत नाही. युरोपात जागा संपत आली, तेव्हा अंतर 8.33 वर आणलं. चॅनेल झाले 2280, पण छोट्या विमानांनाही नवे रेडिओ घ्यावे लागले. गंमत म्हणजे त्यावर 118.005 लावलं तरी बोलणं 118.000 वरच होतं! शेवटचा आकडा फक्त 'अरुंद चॅनेल' एवढंच सांगतो.

एक आकडा चुकला की वैमानिकाला टॉवर ऐकूच येत नाही. म्हणून तो मिळालेले आकडे मोठ्याने परत म्हणतो. छोट्या विमानाच्या रेडिओवर सहसा दोन खिडक्या असतात: चालू आणि राखीव. नवा चॅनेल आधी राखीव खिडकीत लावायचा, मग बटण दाबून अदलाबदल. उत्तर आलं नाही तर पुन्हा तेच बटण. जुना टॉवर तिथेच असतो.