फोटोतली गंमत



कळंब तालुक्यातल्या एका गावी, उन्हाळ्यात, एका पोराने मोबाइलवर टिपलेला फोटो मला हौसेने दाखवला. भिंतीवर ठिबकची जाहिरात, त्यात हिरवागार ऊस; आणि खाली टँकरची वाट बघून पेंगलेले म्हातारबा, मांडीवर रिकामी कळशी! मलाही हसू आले.

असा विरोध नेमका टिपणे ही कलाच. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसच्या एका स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. मागच्या पोस्टरवर एक नर्तकीही तशीच झेपावते आहे. ती डौलात, अन् हा आता पाण्यात पडणार! पण त्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. आपण हसतो ते प्रसंगाला.

म्हातारबांचा चेहरा मात्र स्पष्ट होता. फोटो फिरत फिरत लेकीच्या सासरीही पोचला असता. मी म्हटले, "बाळ, आधी त्यांना दाखव."

म्हातारबा फोटो बघून पोटभर हसले. मग म्हणाले, "कळशी रिकामी हाय, ते दिसू दे की लोकाला!"

तेव्हा मुलांना फोटो खुशाल काढू द्या. पण ज्याचा काढला, त्याला आधी दाखवायला सांगा. तोही हसला तर ती गंमत. नाही तर नुसती टिंगल.