विश्लेषण : विश्वस्तांनी ठरावावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

पुण्यातील मॉडेल कॉलनीत वसतिगृह आणि मंदिर असलेल्या जैन बोर्डिंगच्या जागेची विक्री २०२५ मध्ये गाजली. विक्रीला परवानगी मिळालेली होती. मात्र समाजातून तीव्र विरोध झाल्यानंतर ऑक्टोबरअखेर धर्मादाय आयुक्तांनी ती मागे घेतली. या प्रकरणाची चर्चा मुख्यतः राजकीय अंगाने झाली. पण राज्यभर देवस्थाने, शिक्षण संस्था, वाचनालये आणि व्यायामशाळा चालवणाऱ्या विश्वस्तांपुढे त्यातून वेगळाच प्रश्न उभा राहतो. यातील बहुतेक मंडळी विनामोबदला काम करतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. तरीही त्यांचा निर्णय कायद्यासमोर टिकेल का?

कायद्याची अपेक्षा काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. त्यातील कलम ३६ अ नुसार, सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या पैशाची आणि मालमत्तेची जितकी काळजी घेईल, तितकीच विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घेतली पाहिजे. म्हणजे तज्ज्ञ असण्याची सक्ती नाही, पण ‘मला त्यातले काही कळत नव्हते’ हा बचावही चालत नाही. समजूतदार माणूस स्वतःचे घर विकताना चार ठिकाणी चौकशी करतो, तशी येथेही केलेली दिसली पाहिजे.

त्याआधी पाहायची ती न्यासाची घटना किंवा विश्वस्तपत्र. अनेक संस्थांत ते कपाटात पडून असते आणि नव्या विश्वस्तांनी वाचलेलेही नसते. समजा, वाचनालयासाठी मिळालेल्या देणगीतून मंगल कार्यालय बांधायचा ठराव एकमताने झाला. ‘शेवटी फायदा गावाचाच’ हे खरे असेलही, पण देणगीचा उद्देश एकमताने बदलत नाही. मूळ उद्देश पूर्ण करणे अशक्य झाले असेल तर त्यासाठी कलम ५५ ची वाट आहे. विश्वस्तांना तो आपसात बदलता येत नाही.

जमिनीचे निर्णय सर्वाधिक का अडतात?

कारण तेथे विश्वस्तांचा अधिकार अपुरा आहे. कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तरी हीच अट आहे. न्यासासाठी कर्ज काढायलाही पूर्वपरवानगी लागते. न्यासाच्या पैशातून स्वतःसाठी उसने घेण्यास तर थेट मनाई आहे.

परवानगी देताना न्यासाचे हित, लाभ आणि संरक्षण पाहिले जाते. त्यामुळे विकायची गरज काय, दुसरा मार्ग का नाही, मूल्यांकन कोणी केले, जाहिरात दिली का, आलेले पैसे कोठे जाणार, या प्रश्नांची उत्तरे अर्जापूर्वीच ठरावात असायला हवीत. प्रत्यक्षात अनेकदा आधी खरेदीदार ठरतो, आगाऊ रक्कमही घेतली जाते आणि मग गरज शोधली जाते. परवानगी मिळाली म्हणजे विषय संपला असेही नाही. फसवणूक करून, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून ती मिळवली असेल, तर आयुक्त ती रद्द करू शकतात.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर व्यवहार झाल्यावरही परवानगी मिळण्याची सोय झाली, पण ती अपवादात्मक परिस्थितीपुरती. बाजारभावापेक्षा कमी किंमत घेतलेली नाही, विश्वस्तांनी स्वतःचा कोणताही लाभ करून घेतलेला नाही, दस्त नोंदणीकृत आहे, अशा अटी त्यात आहेत. काही विश्वस्त तिच्याकडे मागचा दरवाजा म्हणून पाहतात, हे धोक्याचे आहे.

इतिवृत्त इतके महत्त्वाचे का?

छोट्या संस्थांत एक दृश्य नेहमीचे असते. अध्यक्ष आणि सचिव निर्णय घेतात, इतिवृत्ताची वही शिपायाबरोबर घरोघरी फिरते आणि बाकीचे विश्वस्त चहा पिता पिता सही करतात. यात कोणाला काही गैर वाटत नाही. परंतु ज्या सभेत चर्चा झाली असे वहीत लिहिले आहे ती सभाच झालेली नसते, आणि वाद झाला की उलटतपासणीत हेच प्रथम बाहेर येते.

विश्वस्तपत्रात वेगळी तरतूद नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळून काम करायचे असते, हे न्यासाच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम सार्वजनिक न्यासांना लागू नाही. तरीही विश्वस्तांना आपली कर्तव्ये दुसऱ्याच मंडळींच्या हवाली करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने शेख अब्दुल कय्यूम प्रकरणात स्पष्ट केले. ‘अध्यक्ष बघतील’ हा ठराव नव्हे. त्यामुळे सभेची नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती, समोर ठेवलेली कागदपत्रे आणि निर्णयाची कारणे वहीत दिसली पाहिजेत. एखाद्याचा विरोध असेल तर तो त्याच सभेत नोंदवून घेणे हा त्याचा हक्क आहे. बाहेर पडल्यावर ‘मला पटले नव्हते’ म्हणण्याला किंमत नसते.

आपल्याच माणसाला काम दिले तर?

सभामंडपाचे बांधकाम विश्वस्ताच्या मेहुण्याने करणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. लपवणे मात्र महागात पडते. हितसंबंध आधी सांगावा, त्या विषयापुरते सभेबाहेर थांबावे आणि इतर दरपत्रकेही मागवावीत. कारण लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात याबाबत लिहावेच लागते. पाच हजार रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का, एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, असे प्रश्न नियमातच आहेत. आज पाच हजारांत देवळाचा कळसही रंगवून होणार नाही, पण उत्तर द्यावेच लागते.

चूक झाली तर काय?

प्रामाणिकपणे, चौकशी करून घेतलेला निर्णय पुढे तोट्याचा ठरला, एवढ्यावरून कोणी विश्वस्त दोषी ठरू नये. विश्वासभंग, मालमत्तेचा गैरवापर, हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर किंवा आदेशांची जाणूनबुजून अवज्ञा झाल्यास मात्र कलम ४१ ड खाली निलंबन किंवा बडतर्फी होऊ शकते. न्यासाचे नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याचीही तरतूद आहे, म्हणजे झळ स्वतःच्या खिशाला बसते.

याखेरीज एक साधी नोंद अनेक संस्थांत राहून जाते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात कित्येक न्यासांच्या परिशिष्ट एकवर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतात आणि कारभार नातवंडांच्या वयाची मंडळी पाहत असतात. अशा न्यासाने जागेच्या विकासासाठी परवानगी मागितली की सुनावणीत पहिला आक्षेप येतो तो याचाच : ठराव करणारे हे विश्वस्त नोंदीत आहेत कोठे?