तारण कुठून आणायचं?

आमच्या केंद्रात येणारी एक परिचारिका चौतिसाव्या वर्षी 'नीट' देऊन बसली. कमाल वयाची अट 2022 मध्ये रद्द झाली, तेव्हा मला वाटलं होतं, दार उघडलं. पण दारात पैसा उभा होता.

सरकारी जागा हुकली. खासगी महाविद्यालयासाठी कर्ज काढायचं, तर साडेसात लाखांवर बँका सहसा तारण मागतात. राहतं घर नवऱ्याच्या नावावर. माहेरच्या शेताचं हक्कसोडपत्र तिनं भावांना कधीच लिहून दिलेलं. बारा वर्षांचा पगार संसारात गेला, त्याची नोंद कुठेच नाही! नवरा म्हणतो, "आता मुलीच्या शिक्षणाचं बघ."

बाईनं दुसऱ्यांदा शिकावं, हे आपल्याकडे कुणी गृहीतच धरलेलं नाही. रखमाबाई 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, त्यामागे वर्गणी देणारे हात होते. प्रत्येकीसाठी वर्गणी काढणं आपल्याला जमणार नाही. पण मैत्रिणींनो, विनातारण कर्ज आणि घरावर दोघांचं नाव, या मागण्या तरी आपण लावून धरायला हव्यात. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एकदा तरी थांबायला हवं. तिनं पुन्हा अर्ज भरलाय.