अरुंधतीचा गळा आणि मोडनिंबची पेटी

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या रस्त्यावर रात्री दोनच आवाज असतात. एक ट्रॅक्टरच्या इंजिनाचा आणि दुसरा त्याच ट्रॅक्टरवर बसवलेल्या स्पीकरचा. मागं उसानं खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं चालक एकटाच. कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत पहाट होणार, म्हणून पेनड्राइव्ह चालू. त्यात आनंद शिंदे असतात, अजय-अतुल असतात, जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ असतं, मधूनच एखादा विठ्ठलाचा अभंग लागतो. गाणारा आधी नट होता की गवई, हे तो चालक कधी विचारत नाही. गाण्यानं झोप उडते का आणि दुसऱ्यांदा लावावंसं वाटतं का, एवढंच तो बघतो.

मालिकेतला एखादा ओळखीचा चेहरा गाण्यांचा अल्बम घेऊन येतो तेव्हा असा कान फार थोडे लोक देतात. गाणं ऐकण्याआधीच शेरा तयार असतो : मालिका संपली, काम नाही, म्हणून आता गायला लागली. त्यात गाणं पॉप-रॉकच्या वळणाचं असलं तर बोलायलाच नको. गिटार दिसली की ते आपलं नाही, आणि नट दिसला की तो गायक नाही, अशी दुहेरी नापासी. हा शेरा मराठी माणसानं मारावा, याचंच खरं आश्चर्य वाटतं. कारण गाणारा नट ही मराठीची जुनी, घरची गोष्ट आहे.

‘आई कुठे काय करते’ आठवून पाहावं. 2019 च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर सुरू झालेली ही मालिका जवळजवळ पाच वर्षं चालली. देशमुखांच्या घरात राबणारी अरुंधती पुन्हा गाण्याकडे वळली, तेव्हा घराघरातल्या बायका तिच्यासाठी मनापासून सुखावल्या. स्वयंपाकघरात अर्धवट राहिलेलं आपलंही काहीतरी त्यांना त्या गाण्यात दिसलं असावं. ही भूमिका करणाऱ्या मधुराणी प्रभुलकर प्रत्यक्षातही गातात, चाली बांधतात. मालिकेच्या आधीपासून त्या ‘कवितेचं पान’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमातून मराठी कविता लोकांपर्यंत नेत होत्या. म्हणजे पडद्यावरच्या बाईनं गावं म्हणून ज्यांनी देव पाण्यात ठेवले, त्याच प्रेक्षकांनी एखाद्या खऱ्या नटीच्या अल्बमकडे मात्र संशयानं बघायचं. हे न्यायाचं नाही.

याच गोष्टीला एक जोडधागा आहे. ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदीतली ‘अनुपमा’ या दोन्ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून आलेल्या. ‘अनुपमा’त नवऱ्याचं, वनराजचं काम केलेले सुधांशू पांडे हे वीसेक वर्षांपूर्वी ‘बँड ऑफ बॉईज’ या पॉप गटात गात होते. त्याच गटातले करण ओबेरॉयही मालिकांतून दिसायचे, आणि चिंटू भोसले नावाचा मराठी गडीही त्यात होता. त्या गटाची गाणी आज फारशी कुणाच्या ओठांवर नाहीत, पण नट आणि पॉप गायक या दोन खोल्यांमधलं दार तेव्हाही उघडंच होतं.

आता जरा मागं जायला हवं. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि पुढची पन्नास वर्षं मराठी नटाला गळा नसेल तर नायकाचं काम मिळणं कठीण झालं. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही त्या काळातली नटमंडळी, आणि गवईही तीच. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी मिळून ‘मानापमान’चा प्रयोग केला. त्याचं वर्णन मराठी घरांतून अजून सांगितलं जातं. लोक नाटक बघायला जात आणि वन्समोअर गाण्याला देत. ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हा त्यांवर नाव याच नटांचं होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर नटाचा अल्बमच तो.

सिनेमा बोलायला लागला तेव्हाही सुरुवात अशीच झाली. 1937 च्या ‘कुंकू’त शांता आपटे स्वतःच्या गळ्यानं गायल्या. त्यात अमेरिकन कवी लाँगफेलोची एक कविता त्यांनी चक्क इंग्रजीत गायली. नव्वद वर्षांपूर्वीची मराठी नटी, परक्या भाषेतले शब्द, पडद्यावर गाणं, आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढं पार्श्वगायनाची सोय आली. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा अशी वाटणी झाली. त्या वाटणीनं आपल्याला लता मंगेशकर आणि आशा भोसले दिल्या, त्यामुळे तिच्याविषयी तक्रार करायला जीभ उचलत नाही. मात्र त्या सोयीलाच आपण नियम मानून बसलो, तिथं चूक झाली.

रॉकचं म्हणाल तर मराठीत तो रंगभूमीच्याच दारानं आला. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या डॉ. जब्बार पटेलांनी 1978 साली ‘तीन पैशाचा तमाशा’ बसवलं. ब्रेख्तच्या जर्मन नाटकाचं हे पु. ल. देशपांड्यांनी केलेलं मराठी रूप. त्यात माधुरी पुरंदरे होत्या, चंद्रकांत काळे होते, आणि ज्येष्ठ नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे होते. नंदू भेंडे मुंबईच्या ‘वेल्वेट फॉग’ या रॉक बँडमध्ये गायचे. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडासची भूमिका गाऊन केलेली. असा माणूस मराठी रंगमंचावर उभा राहून रॉकच्या ढंगानं मराठी शब्द गायला लागला, आणि त्याच नाटकात नाट्यसंगीताची आणि लावणीचीही वळणं होती. एकाच रात्री, एकाच तिकिटात. पुढं भेंड्यांनी मालिकांना संगीत दिलं, स्टुडिओ चालवला, आणि 2014 साली ते गेले. मराठी रॉकची गोष्ट सांगताना त्यांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं. आज मराठीत गिटार घेऊन उभं राहणाऱ्या किती पोरांना ते माहीत असेल, या विचारानं वाईट वाटतं.

आणि माढ्याच्या माणसाला गाणारा नट बघायला पुण्याला किंवा इतिहासात जायचीही गरज नाही. तालुक्यातलंच मोडनिंब पुरे. तिथली कला केंद्रं संगीतबारीसाठी ओळखली जातात. ढोलकी-फडाच्या तमाशात वग असतो, नाच्या-सोंगाड्या असतो. संगीतबारीत ते नसतं. पेटी, तबला, ढोलकी, आणि पाळीपाळीनं बारी करणाऱ्या कलावंतीण. बैठकीची लावणी सुरू होते तेव्हा गाणारी बाई जागेवरून हलत नाही. एक गुडघा उभा, पदर सावरलेला, हात मांडीवर. पेटीवाला तिची पट्टी धरतो. पहिला चरण ती नुसता गाते. तोच चरण दुसऱ्यांदा येतो तेव्हा तिची भुवई वर जाते आणि शब्दाचा अर्थ बदलतो. तिसऱ्यांदा ती मान जराशी वळवते आणि तोच शब्द आता तक्रार होतो. एका ओळीच्या पाच-सहा अदा, आणि सूर एकदाही जागचा ढळत नाही. इथं गाणं कुठं संपतं आणि अभिनय कुठं सुरू होतो, हे दाखवून द्यावं कुणीतरी. ही विद्या दीर्घ साधनेची आहे, आणि तिला नट की गायक हा प्रश्नच पडलेला नाही.

याचा अर्थ मालिकेतल्या प्रत्येक चेहऱ्यानं गावं असा मुळीच नाही. वीस-वीस वर्षं रियाज केलेल्या गायकांची जी तक्रार आहे ती खरी आहे. मेहनत त्यांची, आणि दोन वर्षं रोज घरात दिसलेल्या चेहऱ्याला मात्र पहिल्याच गाण्याला लाखो लोक मिळतात. ज्याचं दुखतं त्यालाच ते कळतं. पण ही अडचण नटांनी निर्माण केलेली नाही. गायकालाही आता आधी टीव्हीवरचा चेहराच व्हावं लागतं. 2008-09 च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मधली मुलं, त्यात लातूरचा रोहित राऊतही आला, महाराष्ट्राला घरातल्यासारखी वाटली ती मालिकेसारखी सतत दिसल्यामुळेच. तेव्हा कुणी विचारलं नाही की हे गायक आहेत की कलाकार. उलट मालिकांची शीर्षकगीतं घ्या. ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत देवकी पंडितांनी गायलं, शब्द मंगेश कुळकर्णींचे, चाल अशोक पत्कींची. गाणं सगळ्यांना पाठ, पण ही तीन नावं किती जणांना सांगता येतील? टीव्हीवर चेहरा जिंकतो. त्याचा राग एखाद्या नटीच्या अल्बमवर काढून ती व्यवस्था बदलणार नाही.

परदेशात मालिकेतल्या नटांनी गाणं हा प्रकार जुनाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या ‘नेबर्स’ मालिकेत काइली मिनोगनं गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलीची भूमिका केली. 1988 साली तिचा पहिला अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तिथल्या पत्रकारांनी तिला पिंजऱ्यातल्या छोट्या पोपटाची उपमा देऊन हिणवलं. ती अजून गाते आहे. त्याच मालिकेतली नॅटली इम्ब्रुलिया 1997 साली ‘लेफ्ट ऑफ द मिडल’ हा अल्बम घेऊन आली, पुरता पॉप-रॉक. त्यातलं गाजलेलं ‘टॉर्न’ हे गाणं आधी दुसऱ्यांनी गायलेलं होतं, हे कळल्यावर तिच्यावरही टीका झाली. पण जगाच्या कानात राहिलं ते तिचंच गाणं. ‘हाउस’मधला डॉक्टर ह्यू लॉरी 2011 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ब्लूजचा अल्बम करून मोकळा झाला. या तिघांत एक गोष्ट समान आहे : तिघांनीही एक गाणं काढून हात झटकले नाहीत. पूर्ण अल्बम केला आणि रंगमंचावर गेले.

इथंच आपल्या नटांकडे मागणी करायला हवी, आणि ती जोरात करायला हवी. एक गाणं आणि एक व्हिडिओ, त्यात लोणावळ्याचं धुकं नाहीतर गोव्याचा किनारा, हा अल्बम नव्हे. एका गाण्यात ध्वनिमुद्रकाची हुशारी सगळं झाकू शकते. सूर घसरला तर तो संगणकावर सरळ करून मिळतो. आठ गाण्यांत ते झाकलं जात नाही. आठ गाण्यांत गळ्याचा पल्ला कळतो, शब्दांची निवड कळते, तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात दम कुठं कमी पडला तेही कळतं. मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आठवा. त्यातल्या कविता सौमित्रच्या, म्हणजे नट किशोर कदम यांच्या. अख्खी कॅसेट एका पावसाची होती, म्हणून ती एवढी वर्षं टिकली. 2003 पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ घेऊन गावोगावी गेले, म्हणून त्यांची गाणी नुसती ऐकली गेली नाहीत, पाठ झाली.

तालुक्याच्या गावाला पॉप-रॉक पचणार नाही, ही समजूतही सोडून द्यावी. शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 2016 साली ‘सैराट’ केला. अजय-अतुलनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. ती व्हायोलिनं माढ्याच्या वरातींत वाजली. कुणाला ती परकी वाटली नाहीत. आणि वरातीतली बेंजो पार्टी म्हणजे तरी काय? विजेवर चढवलेली तार, ऑक्टोपॅड, कर्ण्यातून फाटत जाणारा आवाज आणि पुढं नाचणारी पोरं. तिच्या जोडीला हलगी. कातड्याची हलगी वाजवायच्या आधी कागदाचा नाहीतर पाचटाचा जाळ करून शेकतात, चामडं ताणलं की आवाज टणक येतो. एका हातात जाड टिपरं, दुसऱ्यात बारीक काडी. तिचा ठेका ड्रमच्या शेजारी ठेवून बघावा, ड्रमला मागं हटावं लागेल. मराठीतले ळ, ण, ठ, ढ हे वर्णही रॉकला नडणारे नाहीत, ठेक्यावर नेमके बसणारे आहेत. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गातो आहेच. कमी आहे ती जवळच्या रंगमंचाची. पुण्या-मुंबईत कार्यक्रम होतात. सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिर आहे. पण कुर्डुवाडी, टेंभुर्णी, माढा इथवर असा बँड क्वचितच पोहोचतो.

म्हणून आता ज्या कुणा मालिकेतल्या नटाचा किंवा नटीचा पहिला अल्बम येईल, त्यानं पहिला प्रयोग मुंबईत जरूर करावा, पण तिसरा-चौथा इकडं ठेवावा. ऊसतोडीचा हंगाम सोडून, उन्हाळ्यात, बाजारपटांगणावर. गिटार, बेस, ड्रम आणि इथलाच एक हलगीवाला. तिकीट परवडेल एवढं. आठही गाणी थेट गळ्यानं, मागून ध्वनिमुद्रण न लावता. गाणी सुरू होण्याआधी मोडनिंबच्या एखाद्या कलावंतिणीची एक बैठकीची लावणी असावी, आणि तिचं मानधन मुख्य पाहुण्यापेक्षा कमी नसावं. खुर्च्या लावायला, मंडप उभारायला आणि रात्री पाहुण्यांना हुरडा-भाकरी नसली तरी शेंगाचटणी-भाकरी वाढायला माढ्यातली पोरं तयार आहेत. दुसऱ्या दिवशी त्यातली किती गाणी ट्रॅक्टरच्या पेनड्राइव्हमध्ये गेली, ते चालकांना विचारावं.