पिंगुळीची पोथी आणि शाळेचे मस्टर

आदिवासी दिन आला किंवा स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, की मुलांच्या कमरेस पाने बांधावयाची, गालांवर पांढरे ठिपके काढावयाचे आणि ध्वनिक्षेपकावर कुठलेसे गीत लावून त्यांना रंगमंचावर नाचवावयाचे, हा परिपाठ आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, यात कोणाचा उपमर्द होत असेल अशी शंकादेखील संयोजकांच्या मनास शिवत नाही. ज्या समाजाच्या नावाने हा सोहळा होतो, त्यातलेच एखादे मूल वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेले असते.

सिंधुदुर्गास तर ही सोंगे मुळीच शोभत नाहीत. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर आदिवासींनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान्‌पिढ्या जतन केला. एके काळी या कलांस सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. चित्रकथी सादर करणारा कलावंत चित्रांची पोथी समोर उभी धरतो, एकेक चित्र उलगडीत रामायण-महाभारतातील आख्यान गातो, आणि पाठीला पाठ चिकटविलेल्या कागदांतून पुढले चित्र नेमके कोणत्या शब्दावर समोर आणावयाचे, हे त्याच्या बोटांस ठाऊक असते. श्री. परशुराम गंगावणे यांनी याच कलेसाठी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. एवढा मोठा विद्याव्यासंग सावंतवाडी तालुक्यातील आरोंद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ असता, आमच्या शाळांनी तो हातशिलाईच्या तासाएवढाही मानू नये, याचे नवल वाटते. एस्किमो बर्फाच्या घरात राहतो, हे आमच्या मुलास तोंडपाठ असते. परंतु तेरेखोल नदीच्या पैलतीरी गोव्यात ज्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांस २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, ते कोण, हे त्यास कोणी सांगत नाही.

सहानुभूतीचा तुटवडा आहे असे आम्हांस वाटत नाही. तुटवडा आहे तो शिष्यत्व पत्करण्याच्या तयारीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे मर्म येथेच आहे. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांस आळशी ठरविण्याऐवजी या दोघींनी शाळाच कुरणात नेली आणि माँटेसरीचे महागडे साहित्य बाजूस सारून पाने, बिया व शंखशिंपल्यांवर गणित मांडले. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत या समाजांचा इतिहास व ज्ञान सर्वच मुलांस शिकवावे अशी मागणी होती. शिफारस ‘सर्वच मुलांस’ अशी आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ठाकराच्या मुलास ठाकरांची कला सांगून भागत नाही, ती शेजारच्या बाकावरील मुलास कळली पाहिजे.

यास धोरणाची आडकाठी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत व कारागीर यांस शिक्षक म्हणून नेमण्याची आणि आदिवासी ज्ञान अभ्यासक्रमात आणण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. आडकाठी आहे ती सवयीची. कलावंतास बोलवावयाचे ते संमेलनाच्या दिवशी, शाल-श्रीफळ देऊन अर्ध्या तासात मोकळे करावयाचे. आणि त्याच्याच मुलाने पुढे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे, तेव्हा त्याची बाजू मांडावयास मास्तर नाही आणि टाळ्या वाजविणारे गावकरीही नाहीत. मैत्री म्हणावयाची तर ती या कागदपत्रांच्या प्रसंगीही दिसली पाहिजे. शाळेच्या जुन्या रजिस्टरातील नोंदीची नक्कल विनाविलंब काढून देणे, एवढे तरी मुख्याध्यापकाच्या हाती खास असते.

सावंतवाडी व कुडाळ तालुक्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या बैठकीत एक साधा ठराव करावा: पिंगुळीच्या कलावंतास महिन्यातून निदान दोन दिवस वर्गावर बोलवावे, त्याचे नाव पाहुणा म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून मस्टरवर लिहावे, त्या वेळी वर्गशिक्षकाने मुलांसमवेत खाली बसावे, आणि मानधनाची रक्कम ठरावाच्या पहिल्याच ओळीत नमूद करावी.