शिल्लक आहे, टोकन लागत नाही

गेल्या पावसाळ्यात स्कूटरवरून पडलो. हेल्मेट होते, तरी दोन-चार मिनिटे आपण कुठे आहोत ते कळेना. स्कॅन 'नॉर्मल' निघाला. 'मार सौम्य आहे,' डॉक्टर म्हणाले. घरी देवापुढे साखर ठेवली गेली.

आठ दिवसांनी दूध उतू जाऊ लागले. मी ओरडलो, "अगं, ते दे... ते, भांडं उतरवायचं!" वस्तू डोळ्यांपुढे होती, नाव येईना. "सांडशी!" सौ. म्हणाली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत एका सांडशीने पाणी आणले.

'सौम्य' हा डॉक्टरांचा हिशेब. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेल्या मोजपट्टीवर शुद्धीला १५ पैकी गुण देतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य. पण धक्क्याने मेंदूतले सूक्ष्म तंतू ताणले गेले, तर ते साध्या स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खात्यात शिल्लक पुरेपूर आहे, पण टोकन पुकारायला वेळ लागतो. माणूस दमला, चौघे एकदम बोलू लागले, की रांग आणखी लांबते.

मी अडलो की घरातले तिघे तीन शब्द पुढे करीत आणि माझा चौथा पळून जाई. नातवाने मात्र विचारले, "आजोबा, ते कशाला लागतं?" उपयोग सांगता सांगता शब्द हाती लागला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी पुढे हीच युक्ती शिकवली.

म्हणून सांगतो, अशा माणसापाशी जरा थांबा. शब्द हवा का, ते आधी विचारा. बहुतेकांचे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सुधारते. न सुधारल्यास डॉक्टरांकडे पुन्हा जा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा जीभ जड झाली, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

हे मला उशिरा कळले. माझ्या शाखेतला एक तरुण रोखपाल अपघातानंतर कामावर आला, तो असाच अडखळायचा. वरून धडधाकट. मी त्याच्या गोपनीय अहवालात लिहिले, 'कामात लक्ष नाही.' त्या तीन शब्दांसाठी मला तेव्हा क्षणभरही अडावे लागले नव्हते.