कार्ड पन्नास दिवसांचं, उधारी उसाची

साप्ताहिक सदर : रोख-उधार

बारामती-इंदापूरच्या बाजारात उधारीला तारीख नसते, हंगाम असतो. ‘उसाचं बिल आलं की देतो’ एवढ्या शब्दावर कृषी सेवा केंद्रातून खताच्या गोण्या उचलल्या जातात. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, तर तोडीला यायला पंधरा-सोळा महिने लागतात. गाळपाला ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, द्यावी, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण बिल जमा झालं तरी त्यातून आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं आणि राहील त्यातून दुकानदाराचा नंबर लागतो. ही उधारी आपल्या दोन्ही तालुक्यांच्या व्यापाराचा कणा आहे.

याच दुकानदाराला आता रोज फोन येतात. ‘तुमचं बिझनेस क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, सोबत पाच हजारांचं व्हाउचर.’ माझं मत आधीच सांगतो. बक्षीस मिळतंय म्हणून कार्ड घेऊ नका. आपल्या दुकानातला पैसा किती दिवसांत फिरून येतो, ते पाहून घ्या.

आधी बक्षिसाचा हिशेब मांडू. समजा, कार्डाची फी १,००० रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८० रुपये. पाच हजारांतून एवढं वजा केलं की उरले ३,८२०. तेही रोख नव्हेत. ठरावीक दुकानांत, ठरावीक मुदतीत वापरायचं व्हाउचर. शिवाय ते बहुधा कार्ड हातात येताच मिळत नाही. आधी फी भरायची आणि पहिल्या तीस, साठ किंवा नव्वद दिवसांत ठरलेल्या रकमेची खरेदी करायची. डिझेल, भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेक कार्डांत या खरेदीत धरतच नाहीत. त्याच बँकेचं कार्ड आधीपासून असेल, तर काही बँका नव्या ग्राहकाचं बक्षीस देत नाहीत. हे सगळं अटींच्या कागदावर असतं, फोनवर कुणी वाचून दाखवत नाही.

आता दुसरी बाजू. कार्डावर बिनव्याजी मुदत मिळते ती खरेदीच्या तारखेनुसार साधारण २० ते ५० दिवसांची. आपल्या खतवाल्याने जुलैमध्ये कार्डावर एक लाखाचा माल भरला आणि तो ‘उसाच्या बिलावर’ दिला, तर कार्डाचं बिल ऑगस्टमध्ये येऊन ठेपतं. तेव्हा कारखान्यांचं गाळपही सुरू झालेलं नसतं. मग तो ‘मिनिमम ड्यू’ भरतो आणि सुटलो असं समजतो. खरं कर्ज तिथूनच सुरू होतं. अनेक कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त असतो. एक लाख थकले तर महिन्याला ३,५०० रुपये व्याज, त्यावर ६३० रुपये जीएसटी. चार महिने ओढलं तर सोळा हजारांच्या वर गेले. व्याज लागतं ते खरेदीच्या तारखेपासून, आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ३,८२० रुपयांच्या व्हाउचरसाठी हा सौदा परवडणारा नाही.

हे व्याज जास्त आहे म्हणून कोर्ट वाचवेल, अशीही आशा ठेवू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

दुसरा धोका अर्जात आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकान आणि मालक कायद्याने एकच. ‘बिझनेस’ कार्ड थकलं तर वसुली घरापर्यंत येते आणि सिबिलवर डाग मालकाच्या नावावर पडतो. प्रत्येक अर्जाची चौकशीही तिथे नोंदली जाते. बक्षिसांसाठी दोन महिन्यांत चार बँकांत अर्ज केले, तर उद्या गोदामासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तेच आड येतं. अर्ज करण्याआधी आपला पतमाहिती अहवाल पाहून घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

खर्चाचं उद्दिष्ट गाठायला ओळखीच्या दुकानाच्या मशीनवर कार्ड घासून, कमिशन देऊन रोख घेण्याचा मार्ग कुणी सुचवला, तर हात जोडून नाही म्हणा. बिझनेस कार्डाचा पैसा धंद्यातच जातो का, यावर लक्ष ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये बँकांना बजावलं आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेल्या नियमांत आपल्या बाजूच्याही गोष्टी आहेत, त्या पाठ असू द्या. न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. मारलं आणि बिल लावलं, तर आकारलेली रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा. कार्ड ३० दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची. ती दिली नाही तर सात कामाच्या दिवसांत खातं फुकट बंद करायचं. सगळी बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं, तर तेही सात कामाच्या दिवसांत; उशीर झाला तर रोज ५०० रुपये ग्राहकाला. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कार्ड वाईट नाही. भिगवणच्या मासळीच्या हॉटेलात, मेडिकलमध्ये, मोबाइलच्या दुकानात रोजचा गल्ला रोज जमतो. महिन्याचं बिल पुरतं फेडण्याची शिस्त असेल, तर अशा धंद्याला ते सोयीचं आहे. पण ज्याची येणी उसावर, द्राक्षावर, डाळिंबावर अवलंबून आहेत, त्याने बँकेतून कॅश क्रेडिट घ्यावं. त्याचा वर्षाचा दर कार्डाच्या चार महिन्यांच्या व्याजाहूनही कमी पडतो. शेतकऱ्याला तर किसान क्रेडिट कार्ड आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर सवलती धरून महाराष्ट्रात ते बिनव्याजी पडतं. शेतकऱ्याने ते वापरून दुकानात रोख दिली, तर दुकानदारालाही बँकेच्या दारात जावं लागणार नाही.

दुकानदार मित्रांनो, फोन आला की आधी उधारीची वही उघडा. शेवटच्या दहा येण्यांची तारीख आणि ती वसूल झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा. अंतर पन्नास दिवसांहून जास्त निघालं, तर बक्षीस कितीही मोठं असो, तो अर्ज भरू नका.